थांब म्हटलं की थांबायचं

कपाटाच्या दाराचा आरसा फुटला त्याला तीन आठवडे झाले, तरी कपाट अजून खोलीच्या मधोमध तिरकं उभं होतं आणि घरातलं जो तो त्याला वळसा घालून जात होता. कपाट या भिंतीकडून त्या भिंतीकडे न्यायचं एवढंच काम होतं. घरधनी क्रेनवाल्यांनी एका बाजूनं उचललं, त्यांच्या लेकीनं दुसऱ्या बाजूनं.

"अहो, थांबा," बायको म्हणाली होती.

"मध्ये बोलू नकोस. सत्तावीस वर्षं वजनं उचलतोय मी!"

दुसऱ्याच क्षणी कपाटाचं दार आपोआप उघडलं आणि पलंगाच्या कोपऱ्यावर आपटलं. "कडी लावलेली नाही, एवढंच सांगायचं होतं," असं म्हणून बायको केरसुणी आणायला गेली. तेव्हापासून क्रेनवाले कपाटाकडे बघायचे नाहीत आणि बायको क्रेनवाल्यांकडे बघून गालातल्या गालात हसायची.

उंच इमारतींच्या बांधकामावर क्रेन चालवणारा हा माणूस. अख्खी गल्ली त्यांना क्रेनवालेच म्हणायची. बायको पाळणाघर सांभाळायची, तिथं अठरा पोरं. आणि लेक, जिला लहानपणी नाजूक आवाजावरून चिमणी म्हणायला लागले, ती आता एकोणीस वर्षांची होती. त्या आवाजात नाजूक असं काही उरलं नव्हतं. संध्याकाळी ती कॉम्प्युटरसमोर बसली, कानावर हेडफोन चढवला की भिंतीपलीकडच्यांना टीव्हीचा आवाज वाढवावा लागे.

खेळ साधा होता. पाच जण इकडचे, पाच जण तिकडचे, दोन्हीकडे एकेक किल्ला. समोरच्यांचा दरवाजा आधी फोडेल तो जिंकला. चिमणीच्या टीमचं नाव 'पंचनामा'. ती कॅप्टन. बाकी चौघं आपापल्या घरी बसून खेळायचे. एक 'डॉक्टर', म्हणजे दातांच्या कॉलेजात शिकणारा आणि प्रत्येक गोष्टीवर मत असणारा. दोघं जुळे भाऊ, एकाच घरात दोन खोल्यांत बसून भांडणारे. आणि पाचवा 'मुक्या'. तो दोन वर्षांत एक शब्द बोलला नव्हता. माइक बिघडलाय की स्वभावच तसा, हे विचारायचं धाडस कुणी केलं नव्हतं.

त्या दिवशी चिमणी हेडफोन काढून नुसती बसून राहिली. डोळे भरलेले.

"काय गं, हरलात?"

"सलग सहावी. रविवारची मॅच हरलो तर स्पर्धेतून बाहेर. मग डॉक्टर दुसऱ्या टीममध्ये जाणार म्हणतोय. जुळे म्हणतात, तो गेला तर आम्हीही बंद. संपलंच सगळं, बाबा. दोन वर्षं झाली. माझे दुसरे मित्र आहेत तरी कोण?"

कॉलेज बदलल्यावर ही पोरगी सहा महिने कुणाशी बोलत नव्हती, ते क्रेनवाल्यांना आठवलं. ते स्टूल ओढून बसले.

"मी रोज भिंतीतून ऐकतो तुमचं. एक म्हणतो पुढे, एक म्हणतो मागे, एक म्हणतो तू गाढव आहेस. पाचामुखी परमेश्वर म्हणतात खरं, पण तुमच्या पाच तोंडांतून सात मतं निघतात. आमच्याकडे असं झालं तर माणसं मरतील."

"तुमच्याकडे कसं असतं?"

मग क्रेनवाल्यांनी तीन नियम सांगितले. एक, खाली इशारा करणारा एकच असतो, क्रेन चालवणारा फक्त त्याचंच ऐकतो. दोन, 'थांब' मात्र कुणीही म्हणू शकतं. साहेब म्हणो, झाडूवाला म्हणो, रस्त्यानं जाणारा म्हणो, थांब म्हटलं की थांबायचं. तीन, पुन्हा सुरू करायचं ते थांबवणाऱ्यानं कारण सांगून झाल्यावरच. तोवर वजन जिथं असेल तिथं धरून ठेवायचं, मग हात तुटो नाहीतर काही होवो.

"कुणीही?" स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं.

"अगदी कुणीही," क्रेनवाले छाती फुगवून म्हणाले. कपाट त्यांच्या पाठीमागे होतं.

पहिल्या दिवशी घोड्यानं पेंड खाल्ली ती दुसऱ्या नियमापाशी. धाकट्या जुळ्याला पाणी प्यायचं होतं, तो म्हणाला "थांब". थोरल्याला राग आला, त्यानं सूड म्हणून "थांब" म्हटलं. डॉक्टरला वाटलं आपणही हक्क बजावावा. एका मॅचमध्ये अकरा वेळा थांबले आणि इतिहासातल्या सर्वात कमी वेळात हरले. क्रेनवाल्यांनी माइकवर येऊन दम भरला, "तहान लागणं हे कारण नव्हे. माणूस मरत असेल तरच थांब!" मग गाडी रुळावर आली. एकटी चिमणी बोलायची, बाकीचे "ऐकलं" म्हणायचे, मुक्या ऐकलं असं लिहायचा. लागोपाठ तीन सराव सामने जिंकले. डॉक्टर चक्क म्हणाला, "काका, तुम्ही आधी कुठं होतात?"

पण पाच जणांचं बोलणं एकटीनं बोलायचं म्हणजे गंमत आहे होय? शनिवारी सकाळी चिमणीनं तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा आली. गुळण्या झाल्या, वाफ झाली, आवाज काही येईना.

"मी बोलतो मग," डॉक्टर म्हणाला.

"तू बोललास तर आम्ही खेळत नाही," जुळे म्हणाले. दोन वर्षांत ते पहिल्यांदाच एका सुरात बोलले होते.

चिमणीनं कागदावर लिहिलं, 'संपलं.'

"संपलं काय? मी आहे ना! तू खुणा कर, मी बोलतो. जन्मभर खुणाच वाचल्यात मी."

तिनं दोन्ही हात वर केले. एक हात माउसवर, एक कीबोर्डवर, खुणा करायला तिसरा हात आणायचा कुठून? क्रेनवाल्यांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि त्यांची नजर खाली येऊन थांबली.

"पाय मोकळे आहेत की!"

रविवारी दुपारी मॅच सुरू झाली तेव्हा दृश्य असं होतं. चिमणी खुर्चीत, तिचे अनवाणी पाय समोरच्या उशीवर. त्या पायांसमोर लहान स्टुलावर क्रेनवाले, पडद्याकडे पाठ, माइक तोंडाशी. टाचा उचलल्या की पुढे. पाय आत ओढले की मागे. डावा अंगठा हलला की डावीकडे, उजवा हलला की उजवीकडे. पायाची घडी घातली की आहे तिथं धरून ठेवा. पडद्यावर काय चाललंय ते त्यांना दिसत नव्हतं. पण भिंतीआडचं वजन नुसत्या इशाऱ्यावर उतरवलेला माणूस तो, त्याला काय त्याचं!

"पुढे... पुढे... डावीकडे... धरून ठेवा. शाबास!"

"ऐकलं," तिघं म्हणत होते. पहिली दहा मिनिटं कशी लोण्यासारखी गेली. मग चिमणीच्या पायाला डास चावला. उजव्या पायानं तिनं डावा पाय कराकरा खाजवला.

"उजवीकडे! डावीकडे! उजवी, डावी, उजवी... मागे! धरा! पुढे!"

"काका, आम्ही गरगर फिरतोय," थोरला जुळा रडकुंडीला आला.

"मग फिरा! इशारा आहे तसा!"

त्यात तिघांचे मोहरे पडले आणि परत यायला मिनिटभर लागलं. डास गेला, तर तिचा डावा पाय बधिर झाला. मुंग्या आल्या. आता तो अंगठा हलता हलेना, त्यामुळे टीमला डावी बाजूच उरली नाही. डावीकडे जायचं तर तीनदा उजवीकडे वळायचं, असा प्रकार सुरू झाला. डॉक्टर दात खाऊन म्हणाला, "काका, जरा डावीकडे बघता का? शत्रू तिकडेच आहे."

"अगं ए!" क्रेनवाल्यांनी माइकवर हात ठेवून बायकोला हाक मारली. "हिचा डावा पाय चोळ जरा. अर्धी टीम अडकलीये त्यात."

बायको घडी करायचे कपडे बाजूला टाकून आली आणि फतकल मारून पाय चोळायला बसली. तिचं तोंड पडद्याकडे होतं. हळूहळू अंगठ्यात जीव आला, टीमला डावी बाजू परत मिळाली, खेळ बरोबरीवर आला. आणि एकदम समोरचे पळायला लागले. चिमणीच्या दोन्ही टाचा ताडताड आपटायला लागल्या.

"पुढे!" क्रेनवाले ओरडले. "पुढे, पुढे, पुढे! सगळे!"

"अहो, थांबा," बायको म्हणाली.

"मध्ये बोलू नकोस! पुढे!"

"अहो, मी म्हणते थांबा."

"अगं, तुला यातलं काय कळतं? सत्तावीस वर्षं..."

तेवढ्यात हेडफोनमधून एक आवाज आला. जाडसर, घोगरा आणि जरासा घाबरलेला. कुणीच ओळखला नाही, कारण कुणीच तो कधी ऐकला नव्हता.

"काका, नियम आहे. कुणीही म्हटलं तरी थांबायचं." मुक्या थांबून श्वास घेत म्हणाला, "काकू म्हणाल्यात."

क्रेनच्या केबिनमध्ये हाच नियम क्रेनवाल्यांनी रंगानं लिहून ठेवला होता आणि घरात त्यांना तो एकदाही आठवला नव्हता. त्यांना लाज वाटली, अगदी कानापर्यंत.

"थांबा," ते हळूच म्हणाले. "सगळे थांबा. हं, बोल. कारण?"

"चारच पळतायत," बायको पाय चोळता चोळता म्हणाली. "पाचवा कुठाय?"

दिवसभर अठरा पोरं मोजणारी बाई ती. पाणी पाजून आणलं की मोजायची, झोपवलं की मोजायची. कमी भरलं तर आधी दाराकडे धावायचं, हे तिच्या अंगातच भिनलेलं.

"दाराशी बघा आधी," ती म्हणाली. "पोरं दाराशीच जातात."

चिमणीनं झटकन आपल्या किल्ल्याचं चित्र उघडलं. पाचवा तिथंच होता. सगळ्यांना लांब पळवून तो एकटाच बसून दरवाजा फोडत होता, आणि दरवाजा आता कण्हत होता. चिमणीनं दोन्ही पाय सपकन आत ओढले.

"मागे!" क्रेनवाले गरजले.

"ऐकलं!" चौघं म्हणाले. चौघं!

पाचव्याला दारातच गाठला. मग पाचांच्या समोर चारच उरले आणि बाकीची मॅच डावी-उजवी करत व्यवस्थित खिशात आली. चिमणी बिनआवाजाची ओरडली, बापाच्या गळ्यात पडली, मग आईच्या पडली आणि तिथंच राहिली. हेडफोनमध्ये जुळे एकमेकांची स्तुती करत होते. डॉक्टर म्हणाला, "मी कुठं जात नाही. पण एक अट आहे. पुढच्या मॅचला काकू हव्यात."

"आणि मी?" क्रेनवाल्यांनी विचारलं.

"तुम्हीही या की," डॉक्टर म्हणाला.

संध्याकाळी क्रेनवाले कुणाला न सांगता उठले, कपाटापाशी गेले आणि दाराची कडी नीट लावली. बाह्या सारल्या. एका बाजूनं त्यांनी धरलं, दुसऱ्या बाजूखाली बायकोच्या पाळणाघरातलं जुनं घोंगडं सरकवून ठेवलं होतं, म्हणजे कपाट घसरत जाईल. आपली बाजू उचलून कपाट जमिनीपासून वीतभर वर नेलं.

"अहो, थांबा," बायको दारातून म्हणाली.

या वेळी ते थांबले. चटकन, जागच्या जागी, कपाट हातात घेऊन. मनातून त्यांना स्वतःचा फार अभिमान वाटला.

"थांबलो. कारण?"

"सांगते..." ती म्हणाली आणि तेवढ्यात फोन वाजला. टीमचा होता. मुक्याला काकूंशी बोलायचं होतं. "बोल रे बाळा," म्हणत ती स्वयंपाकघरात गेली, आणि दोन वर्षांचं साठलेलं मुक्या बोलायला लागला.

पाच मिनिटं गेली. क्रेनवाल्यांच्या दंडाला कळ लागली. घाम नाकावरून ओघळला.

"अगं! कारण सांग ना! हात तुटतायत माझे!"

स्वयंपाकघरातून नुसतं "हो का? बरं! मग?" ऐकू येत होतं. त्यांनी आशेनं पलंगाकडे पाहिलं. तिथं चिमणी मजेत रेलून बसली होती. तिनं बापाकडे बघितलं, दोन्ही पाय वर घेतले आणि सावकाश पायाची घडी घातली.