बर्वेकाका आणि टोंगाचा समुद्र

लिफ्टमध्ये कुणी ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं की बर्वेकाका म्हणायचे, “कसली मॉर्निंग? टोंगात संध्याकाळ झाली. तीन मीटरच्या लाटा उसळतायत!” पाचव्या मजल्यावरून खाली येईपर्यंत फिजी, सामोआ, वानुआतू सगळं आटपलेलं असायचं. लिफ्ट दुबईशेजारच्या अजमानची. बाहेर डांबर वितळवणारं ऊन, आकाशात औषधालाही ढग नाही.

वॉचमन मुद्दाम विचारायचा, “बर्वेसाब, बारिश कब होगी?”

“फिजी में तो रोज है, हबीबी.”

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये ते एकटेच राहायचे. काकू पुण्याला. जानेवारीत माझ्या मुलीच्या वाढदिवसाला आले, टोपी घातली, टाळ्या वाजवल्या आणि केक कापायच्या आत उठले. “वानुआतूला वादळाचा इशारा आहे. मला केक काही गोड लागणार नाही.”

“बट अंकल, वी लिव्ह इन अ डेझर्ट!” मुलगी म्हणाली.

“म्हणूनच तर! इथल्या लोकांना समुद्र म्हणजे किनाऱ्यावरच्या कॉर्निशवर बसून शोरमा खायची जागा वाटते.”

दार ओढून गेलेसुद्धा.

“मंदीत नोकरी गेली की काहींचं असं होतं,” माझा नवरा म्हणाला. खरंच होतं ते. बांधकामांवरच्या क्रेन थांबल्या तशी आमची अर्धी बिल्डिंग रिकामी झाली. काका एका बांधकाम कंपनीत पर्सोनेल मॅनेजर होते. आता ओळखीच्या माणसाच्या एसी दुरुस्तीच्या दुकानात फोन उचलत बसायचे.

मग काकू व्हिजिट व्हिसावर आल्या. माझ्या किचनमध्ये मेथी निवडता निवडता त्यांनीच सांगितलं.

“निखिल, आमचा मुलगा, यांच्याच कंपनीत होता. जनरेटर बघायचा. मंदी आली तेव्हा मीटिंगमध्ये साहेबांनी यांना विचारलं, कुणाला काढायचं? यांनी पहिलं नाव निखिलचं सांगितलं. म्हणे, घरापासून सुरुवात केली की कुणी बोट दाखवणार नाही.”

“आणि निखिलला?”

“त्याला काढलं त्या दिवशी सकाळी दोघांनी पोहे खाल्ले, एकाच गाडीतून ऑफिसला गेले. वाटेत हे एक शब्दही बोलले नाहीत. त्याला कळलं ते तिथल्या शिपायाकडून.” त्यांनी मेथीची जुडी बाजूला सारली. “चार महिन्यांनी कंपनीनं यांनाही काढलं. यांचं नाव कुणी सांगितलं, ते यांना अजून कळलेलं नाही.”

निखिलनं मिळेल ती नोकरी धरली. एक लहान मालवाहू जहाज, त्या टोंगा-फिजीकडच्या बेटांवर तांदूळ, डिझेल पोचवणारं. इंजिनरूममध्ये. बंदराला लागला की आईला फोन करायचा. वडिलांना कधीच नाही.

काकू परत गेल्यावर काही आठवड्यांनी, एका सकाळी काका आमच्या दारात उभे. अंगात बनियन, हातात मोबाइल. “तुमचं इंटरनेट चालू आहे का? माझं बंद पडलंय.”

कॉम्प्युटरवर त्यांनी नकाशा उघडला. निळ्या पाण्यात वादळाचा पांढरा भोवरा. ते त्याच्याकडे बघत बसले, मी ठेवलेल्या चहावर साय धरली. लाटांची उंची त्या दिवशी त्यांनी सांगितली नाही.

दुपारी त्यांचा मोबाइल वाजला. काकू होत्या. जहाज आदल्या दिवशीच बंदरात शिरलं होतं, निखिल सुखरूप होता.

“माझं काही विचारलं त्यानं?” काकांनी विचारलं. बराच वेळ ऐकलं. “बरं,” म्हणाले आणि फोन बंद केला.

“काका, आता तुम्हीच करा ना फोन,” मी म्हटलं. “नंबर नाहीये का?”

“पाठ आहे.”

“मग?”

“उचलला तर काय बोलू?”

मी आमचा लँडलाइन त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी सावकाश नंबर फिरवला. रिंग गेली. पलीकडून आवाज आला, माझ्यापर्यंत ऐकू येण्याइतका मोठा. “हॅलो? ... हॅलो, कोण बोलतंय?”

काकांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. पलीकडून आणखी एकदा “हॅलो” आलं आणि लाइन कट झाली.

त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला.

“आवाज बसलाय त्याचा,” ते म्हणाले. “ओल्या कपड्यांतच झोपला असणार.”