भिंगरीचं दुखणं आन कोल्हेआबाचं वाचन

एका जंगलात, पोरांनो, वाघापरीस जास्त भ्या वाटायचं ते आजाऱ्याला भेटाया येणाऱ्यांचं. तिथली रीतच तशी. आजाऱ्याकडं रिकाम्या हातानं जायाचं न्हाई. फळ नसंल, तर एक उपाय न्यायाचा.

तिथं एक म्हातारा कोल्हा हुता. वाचता येत न्हवतं, पर कागद दिसला की डोळं बारीक करून मान हलवायचा. समदी म्हणायची, "आबा लई शिकल्यालं." तो कोल्हा म्हंजी मीच. हसा आता.

तर भिंगरी नावाची एक हरणी हुती. तिच्या एका डोळ्याम्होरं धुकं आलं. काही हप्त्यांनी गेलं. मग पायाला मुंग्या. कळपात ती मागं पडाया लागली. आन हरणानं मागं पडणं म्हंजी काय, ते वाघाला इचारा.

हत्तीण डॉक्टरनं तिच्या डोक्याचा फोटो काढला.

"बाई, याला मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतात. मेंदूतून अंगभर तारा जातात ना, त्यांच्यावरचं आवरण तुझंच शरीर कुरतडतंय. मुळासकट जात नाही. पण औषध वेळेवर घेतलंस, तर पुन्हापुन्हा उसळणं कमी होतं. ही पुस्तिका घे. वाचून घे कुणाकडून तरी."

भिंगरी माझ्याकडं आली. "आबा, वाचा की."

'येत न्हाई' म्हणाया जीभच वळंना. पुस्तिका उघडली. तेवढ्यात अस्वल आलं. रिकाम्या हातानं कसं यील?

"पोरी, गरम पाण्याच्या कुंडात बस दिसभर. आन ते औषध सोड. उष्ण पडतंय."

मी पानावर पंजा ठेवला. "बराबर! हितं तेच लिवलंय."

"औषध सोडायचंबी लिवलंय?"

"ठळक अक्षरात!"

भिंगरीनं औषध सोडलं. कुंडात जाऊन बसली. भाईर आली तर पायच उचलंनात. डोळ्याम्होरं पुन्हा धुकं. पल्याडच्या गवतात वाघ खाकरला. माझी तर शेपटीच पोटाखाली गेली. पळत जाऊन डॉक्टरणीला आणलं. तिला बघून वाघ सरकला.

तिनं भिंगरीला सावलीत घेतलं. सोंडेनं गार पाणी मारलं.

"घाबरू नको. उष्णतेनं असं होतं, अंग गार झालं की उतरतं. पण औषध का सोडलंस?"

"पुस्तिकेत लिवलंय म्हनं."

"कुठं? दाखवा आबा."

मी पान दाखवलं.

"आबा, हे माझ्या दवाखान्याचं वेळापत्रक आहे."

मग डॉक्टरणीनं तिथंच बसून पुस्तिका पयल्यापास्नं वाचली. तवर भिंगरी हळूहळू उभी राहिली. तिनं इचारलं, "हे मलाच का झालं?"

"ते अजून आम्हालाही नीट ठाऊक नाही."

"मी पयल्यावानी पळन?"

"आज सांगता येत नाही. औषध चालू ठेव, आपण बघत राहू."

भिंगरी माझ्याकडं वळली. "आबा, डॉक्टरबाई दोनदा 'ठाऊक न्हाई' म्हणून अडल्या. तुमी एकदाबी अडला न्हाई."

"मग? आबा हाय मी!"

"म्हणून तर औषधाचं आता त्यास्नीच इचारनार."

ती गेली. पर जंगलात बोभाटा झाला, की डॉक्टरणीला दोन गोष्टी येत न्हाईत आन आबाला समद्या येत्यात. दुसऱ्या दिशी माझ्या बिळाम्होरं ही रांग!

तात्पर्य: 'ठाऊक न्हाई' म्हणणाऱ्या डॉक्टरवर अजाबात इस्वास ठिवू नका. आमच्याकडं या. वाचता येत न्हाई, म्हणून आमी कुटंच अडत न्हाई. फकस्त वाघ आला तर पळायचं तुमचं तुमी बघा.