अप्पाण्णांची चाळण

उद्या सकाळी तुमच्या आढ्यावरून एक उंदीर पटकन खाली पडला आणि दोनदा गिरकी घेऊन मेला, तर अंथरूण गुंडाळून तुम्ही कुठं पळाल? लाजू नका, खरं सांगा. जिथं प्लेग कधीच गेलेला नाही अशा एखाद्या गावी, पाहुण्यांकडे. होय ना? मीही हेच उत्तर दिलं होतं. नुसतं दिलं नव्हतं, छापून गावभर वाटलं होतं. त्या उत्तराला ज्या एका माणसानं आडवं होऊन थोपवलं, त्या अप्पाण्णा मगदुमांची ही ओळख.

अप्पाण्णा सांगलीच्या गूळपेठेमागं एका खोलीत एकटे राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांच्याकडे गेलं की पहिलं काम म्हणजे अंगणात उभं राहायचं. "आधी ऊन खा, मग बोलू." टोपी उलटी करायची, उपरणं झटकायचं, बंडीच्या शिवणी उलगडून दाखवायच्या. त्यांचं समाधान झालं की उंबरा ओलांडायची परवानगी. एकदा नगरपालिकेचा शिपाई नोटीस घेऊन आला, तर शिपाई उन्हात आणि नोटीस कपड्यांच्या दोरीवर. "कागदालाबी पिसू लागते रं," असं म्हणून त्यांनी ती पाऊण तासानं वाचली.

त्यांची नोकरीच तशी होती. नगरपालिकेच्या प्लेगखात्यात ते उंदीर लिहीत. कुठल्या गल्लीत किती उंदीर सापडले, किती मेलेले, किती जिवंत, याची वही त्यांच्या हाती. आता अप्पाण्णा जैन. मुंगी वाचवून चालणारा माणूस, आणि नशिबी हे खातं. पिंजऱ्यातले उंदीर मारायचं काम शिपायाचं. शिपाई पाण्याचा डबा पुढं ओढू लागला की अप्पाण्णा भिंतीकडे तोंड करून बसत, आणि काम झालं की वळून विचारत, "कुठल्या गल्लीचा होता?" मग चिमट्यानं उंदीर उचलून पार नाकाशी धरत. त्यांना चार हातांपलीकडचं धड दिसत नसे. चष्म्याची एक दांडी गेलेली, तिथं सुतळी.

उंदरांची घराणी त्यांना आपल्या भाऊबंदांसारखी पाठ होती. "हा घाटावरचा. घाटावरच्यांची शेपटी आखूड." का? तर एका पुरात घाटावरचे सगळे उंदीर वाहून गेले, एक आखूड शेपटीची गाभण मादी तेवढी पिंपळावर चढली, आणि आता अख्खा घाट तिचाच.

मी विचारलं, "म्हणजे पोहायला आखूड शेपूट चांगली?"

"चांगली न्हाई आन् वाईटबी न्हाई. झाड जवळ हुतं."

अप्पाण्णांच्या जगात जे काही घडे ते तीन गोष्टींनी. एक पूर, म्हणजे नुसता योगायोग. दुसरी गाडी, कारण गुळाच्या आणि हळदीच्या गाड्यांतून परगावचे उंदीर येत आणि इथल्यांत मिसळून जात. आणि तिसरी, त्यांच्या सगळ्यात जिव्हाळ्याची, चाळण. तरुणपणी मुंबईहून आलेल्या एका डॉक्टरच्या तंबूत ते पिंजरे धुवायला होते. डॉक्टरनं दोन पिंजऱ्यांतल्या उंदरांना प्लेगचे जंतू सारख्याच मापानं टोचले. एका पिंजऱ्यात सांगलीच्या पेठेतले, दुसऱ्यात प्लेग कधी न पाहिलेल्या डोंगरी गावातले. तिसऱ्या दिवशी डोंगरातले सगळे पाय वर करून पडले. पेठेतले बरेचसे गूळ खात बसले होते.

"पेठेतले काय पैलवान हुते व्हय?" अण्णा सांगत. "प्लेगानं इतकी वर्सं चाळण लावली. ज्यांच्या अंगात जरा येगळं हुतं ते वर ऱ्हायले, बाकी गळले. वर ऱ्हायलेल्यांची ही पोरं, नातवंडं. आन् ध्यानात ठेव, चाळण नवा दाना घालत न्हाई. दान्यादान्यांत फरक आधीच असावा लागतो."

डॉक्टर गेला तेव्हा वाचलेल्यांतले दोन उंदीर अण्णांनी मागून घेतले आणि म्हातारे होऊन मरेपर्यंत पोसले. त्या काळात त्यांच्या बायकोनं स्वयंपाक शेजारणीकडे केला म्हणतात.

मी त्या वेळी बाविशीचा. बेचाळीसच्या वादळानंतरची ती वर्षं. बोटांना कायम शाई, खिशात कायम पत्रक. गावात मला कागदवाल्या म्हणत. एका पत्रकात मी मोठ्या आवेशानं लिहिलं होतं की दुबळ्यांना जगण्याचा हक्क नाही, असं निसर्गच सांगतो, तेव्हा देशबांधवांनो, बळकट व्हा. अण्णांनी ते उन्हात वाळवून वाचलं आणि मला बोलावून घेतलं.

"निसर्ग सांगत न्हाई रं, गड्या. निसर्ग चाळतो. सांगतोस तू."

"पण अण्णा, जो वाचतो तो श्रेष्ठच ना?"

"जो वाचतो तो वाचलेला. चाळण बदलली की तोच गळतो."

मला राग आला. उंदीर मोजणाऱ्या म्हाताऱ्यानं मला देशाची गोष्ट शिकवावी! मी महिनाभर तिकडं फिरकलो नाही.

मग त्या हिवाळ्यात गूळपेठेत उंदीर पडले. फार नाहीत. पहिल्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी पाच. चौथ्या दिवशी पेठेतल्या एका हमालाच्या जांघेत गाठ आली आणि गाव हादरलं. अशा वेळी गावाबाहेर माळावर झोपड्या मारून राहायची जुनी रीत. पण माळावर थंडी, पाणी लांब, पोरं आजारी पडतात. आम्हा तरुणांनी ठरवलं, यंदा काहीतरी नवं करायचं. तीन कोसांवर डोंगरात बेलखिंड नावाचं दीडशे घरांचं गाव होतं. तिथं प्लेग कधीच शिरला नव्हता. गावचे लोक म्हणत, आमच्या वेशीवर देवीचा पहारा आहे. मी रात्रीचा दिवस करून पत्रक काढलं: 'मरणाच्या पेठेतून जीवनाच्या डोंगराकडे!' परवा सकाळी सगळ्या गाड्या एकदम निघतील, बेलखिंडीच्या धर्मशाळेत आणि घराघरांत सोय होईल. लोकांनी पत्रक छातीशी धरलं. एका म्हातारीनं तर त्याला कुंकू लावलं.

त्या सकाळी जकात नाक्यावर अठरा गाड्या उभ्या होत्या. गाद्या, वाकळा, ज्वारीची पोती, कोंबड्यांच्या पाट्या. आणि नाक्याच्या आडव्या बांबूवर, दोन्ही हातांनी तो गच्च धरून, अप्पाण्णा लोंबकळत होते. त्यांच्या वजनानं बांबू खाली आलेला, आणि शिपायाला तो वर करता येईना.

"कागदवाल्या!" मला पाहताच ते ओरडले. अण्णांना इतक्या मोठ्यानं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "तुज्या कागदानं दीडशे घरं मरत्याली!"

"अण्णा, बाजूला व्हा. तिथं प्लेग कधी गेलेला नाही."

"जितं कवा गेला न्हाई, तितंच जायचं नसतं! तितल्या उंदरांना चाळण लागलेली न्हाई, लेका. हितं शंभरातले धा पडतात, तितं शंभरच्या शंभर पडतील. आन् उंदीर मेला की त्याच्या पिसवा मानसावर येत्यात. या वाकळांत पिसवा हायत. या पोत्यांत उंदीर हायत. तुमी गाडीत मरण भरून निघालाय!"

ते बोलले ते मला कळलं. पहिल्या झटक्यात कळलं. पण माझ्यामागं अठरा गाड्या होत्या, आणि त्या माझ्या कागदावर निघालेल्या. मी गप्प राहिलो. त्या गप्प राहण्याची लाज मला आजही वाटते.

लोक गप्प राहिले नाहीत. पुढच्या गाडीवरचा तुकाराम गाडीवान खाली उतरला. "ए उंदीरमामा, हो बाजूला! तुजी पोरगी दिलीय बेलखिंडीत, ठावं हाय आमाला. सोताची पोरगी वाचवायला आमची लेकरं हितं मारतोस व्हय?"

गर्दी खवळली. "व्हय, व्हय, पोरीसाठीच!"

कुणीही दुसरा असता तर नाही म्हणाला असता. अण्णा म्हणाले, "व्हय. पोरगी हाय तितं. म्हणून तर मला झोप न्हाई. तुमची लेकरंबी माजीच हायत. चला माळावर, मी येतो संगं. पयल्या दिवशी समद्याला ऊन दावू, दुसऱ्या दिवशी झोपड्या मारू."

"उन्हात वाळवतो म्हणं आमाला!" तुकारामानं त्यांच्या दंडाला धरून ओढलं. बांबू हिसकला. त्या झोंबाझोंबीत अण्णांचा चष्मा उडून माझ्या पायाशी पडला. मी तो उचलला. आणखी दोघेजण पुढं सरसावले, एकाच्या हातात बैलाचा चाबूक होता. अण्णांनी डोळे मिटले, पण हात सोडले नाहीत.

तेवढ्यात नाक्याच्या पलीकडून, बेलखिंडीच्या वाटेनं, एक बिनसामानाची गाडी खडखडत आली. गाडीत अण्णांची मुलगी पद्मा, तिचा नवरा आणि काखेत पाच महिन्यांचं बाळ. पेठेत उंदीर पडल्याची बातमी डोंगरात पोचली होती आणि ती बापाला न्यायला आली होती.

"अण्णा!" तिनं गाडीतूनच हाक मारली. "आवं, चला घरी! समदे येत्यात, मग तुमी का न्हाई?"

गर्दी थांबली. आता कळणार होतं म्हातारं खरं की खोटं.

अण्णांचा आवाज बदलला. "पद्मा, थांब. तितंच थांब. पावनं, बैलांची तोंडं फिरवा."

"आवं पर..."

"खाली उतरायचं न्हाई! माज्या अंगाला पेठ लागलीय."

पद्माला रडू फुटलं. तिनं बाळ दोन्ही हातांनी वर उचललं, नाक्याच्या बांबूवरून दिसावं म्हणून. "बघा तरी. तुमी अजून त्याचं तोंड बगितलं न्हाई. पाच म्हैने झालं."

पन्नास-साठ पावलांचं अंतर होतं. अण्णा त्या दिशेला मान करून बराच वेळ उभे राहिले.

"दिसतंय," ते म्हणाले. "हितनं झ्याक दिसतंय. तुज्या आईवर गेलंय. जावा आता."

त्यांचा चष्मा माझ्या हातात होता.

गाडी वळली. ती वळणापलीकडे दिसेनाशी झाली. मग तुकारामानं अण्णांच्या दंडावरचा हात काढला, आपल्या बैलांच्या कासऱ्याला धरलं आणि गाडी माळाच्या रस्त्याला लावली. मागोमाग दुसरी. मी खिशातली उरलेली पत्रकं नाक्याच्या शेकोटीत टाकली आणि चष्मा अण्णांच्या नाकावर बसवला. त्यांनी मला पाहिलं, आणि एवढंच म्हणाले, "ऊन खाल्लंस का आज?"

त्या हिवाळ्यात अण्णा माळावर आमच्यासोबतच होते, सगळ्यांपासून जरा लांब एका झोपडीत. पेठेतली चारपाच माणसं गेली, तो हमालही. बेलखिंडीत मात्र एकही उंदीर पडला नाही. मी आनंदानं सांगायला गेलो, "अण्णा, तुमचं खरं ठरलं!" तर ते म्हणाले, "कशावरनं? पूरबी आसंल. नुसतं नशीब." स्वतःच्या विजयावरही शंका घेणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पुढं मला कळलं की ते दर रविवारी तीन कोस चालत बेलखिंडीच्या शिवेपर्यंत जातात. तिथं एक पांढरा दगड आहे. दगडावर ते चार दिवस उन्हात वाळवलेला खाऊ ठेवतात आणि वीस पावलं मागं सरतात. पद्मा येते, खाऊ उचलते, भाकरी-चटणी ठेवते आणि मागं सरते. मग दोघं तिथूनच ओरडून बोलतात. लग्न झाल्यापासून बाप एकदाही तिच्या उंबऱ्याच्या आत गेलेला नाही. उंदरांच्या खात्यातला माणूस पोरीच्या घरात पाऊल टाकणार नाही, हा त्यांचा नेम.

आता अण्णा निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. पेठेत उंदीर पडल्याचं या दोन वर्षांत ऐकलं नाही. घराघरांत नवी पावडर फवारतात. वही दुसऱ्याच्या हातात गेली. पण अण्णा अजून दगडाशीच थांबतात. नातू चार वर्षांचा झालाय. तो "आज्जा!" करत धावत पुढं आला की अण्णा तेवढेच मागं सरतात. "अजून एक हिवाळा जाऊ दे," म्हणतात. गेल्या वर्षीही हेच म्हणाले होते.

मी त्यांना पुष्कळ सांगून पाहिलं. ते हसतात. "कागद छापणाऱ्याचं मी ऐकत न्हाई रं."

म्हणून ही विनंती तुम्हाला. एखाद्या रविवारी बेलखिंडीच्या वाटेनं गेलात तर पांढऱ्या दगडाशी सुतळीचा चष्मा लावलेला एक म्हातारा उभा दिसेल. त्याला सांगा, अण्णा, आता घरात जायला हरकत नाही. नाहीच ऐकलं तर सरळ त्या पोराचा हात धरा आणि त्याला दगडाच्या अलीकडे, चार हातांच्या आत आणून उभं करा. फक्त त्याआधी दोघंही थोडा वेळ उन्हात थांबा. नाहीतर म्हातारा तुमचंही ऐकायचा नाही.