यूपीएसचं तोंड बंद केलं त्याची गोष्ट

एका जंगलात, बाळांनो, एक पाणवठा होता. काळ बदलला तशी तिथे एक कचेरी आली, आणि कचेरीत संगणक आला.

त्यावर ठिपकी नावाची चितळीण काम करायची. उन्हाळ्यात पाणी आटलं की कोणी कधी प्यायचं, याच्या पाळ्या ती लावायची. हरणं सकाळी, वाघ संध्याकाळी. दोघांची गाठ पडू नये, एवढंच काम. पण जिवाचं.

एका दुपारी पाळ्या लावून झाल्या. फक्त सेव्ह करायचं राहिलं, तेवढ्यात वीज गेली. माकडं तारेवर झोके घेत होती, दुसरं काय!

टेबलाखालचा यूपीएस बॅटरीवर संगणक चालवू लागला आणि ओरडू लागला, "टीं... टीं..."

"साहेब, बॅटरी संपत आलीय," ठिपकी म्हणाली. "सेव्ह करून संगणक बंद करते."

"बंद?" कचेरीचे मुख्य अस्वलसाहेब खुर्चीतून उठले. "या संगणकाचं उद्घाटन खुद्द वाघमहाराजांनी केलंय! कोणाला विचारून बंद करतेस?"

ठिपकीने कळफलकावरचे खूर झटकन मागे घेतले. साहेब बोलत असताना काम करणं उद्धटपणाचं, असं तिला घरी शिकवलेलं.

साहेबांना उकडत होतं. त्यांनी आपला पंखा यूपीएसलाच जोडला.

"टींटींटींटीं!"

"हे कोण मध्ये मध्ये बोलतंय?"

"यूपीएस, साहेब. तो सांगतोय की..."

"गप्प करा त्याला!"

कचेरीतला शिपाई कोल्हा लगबगीने धावला. त्याने आवाजाचं बटण दाबलं. कचेरी शांत झाली.

"बघ," साहेब म्हणाले, "याला म्हणतात प्रश्न सोडवणं."

तेवढ्यात बॅटरी संपली आणि संगणकाचा पडदा काळा झाला. पाळ्या गेल्या.

सकाळी हरणं पाण्यावर गेली. समोर वाघमहाराज पीत उभे.

"महाराज, आत्ता आमची पाळी," ठिपकी कळपातून पुढे होत म्हणाली.

"असेल हो," वाघ मिशा पुसत म्हणाला. "लेखी दाखव."

मग जी पळापळ झाली! कळप कसाबसा वाचला. ठिपकीची शेपटी मात्र महाराजांकडे जमा झाली.

चौकशी बसली. दोषी ठरला यूपीएस. त्याने वेळेवर सूचना दिली नाही म्हणे. त्याच्या जागी मुका यूपीएस आणला. अस्वलसाहेबांना बढती मिळाली.

तात्पर्य : धोक्याची घंटा वाजली की आधी घंटा बंद करावी. संगणक काय, आपोआप बंद होतो.