शनिवारच्या माणसाची हिरवी शिलाई

माणसाचं भलंबुरं कशावर अवलंबून असतं, याचा विचार जगात पुष्कळ झाला आहे. कोणी ते कष्टावर सोडतात, कोणी शिक्षणावर, कोणी सरकारवर. ते मोटारीच्या सीटवरल्या दोऱ्यावरही अवलंबून असू शकतं, ही गोष्ट मात्र बराच काळ दुर्लक्षित राहिली. हे दुर्लक्ष थायलंडमधल्या उत्तरादित गावाने दूर केलं. निदान रेल्वे फाटकापलीकडच्या वस्तीने तरी केलं. त्याचं श्रेय खमपन कुशनवाल्याला आणि थावोनच्या थोरल्या मेहुणीला, सायबुआला द्यावं लागेल. थावोनला श्रेय देण्याचं कारण नाही. त्याची फक्त गाडी होती.

मूळ तत्त्व सोपं आहे. ज्या वारी माणूस जन्मला त्या वाराचा रंग त्याला लाभतो. सोमवारला पिवळा, मंगळवारला गुलाबी, बुधवारला हिरवा, असं करत करत शनिवारला जांभळा. (बुधवारी दिवस मावळल्यावर जन्मलेल्यांचा कारभार निराळा आहे. त्यांना काळा रंग मिळतो आणि त्यांनी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.) शिवाय प्रत्येक वाराला एक वैरी रंगही नेमून दिलेला आहे. शनिवारचा वैरी हिरवा.

आता माणसं वारानुसार जन्मतात, पण कंपन्या गाड्या बनवतात त्या आपल्या सोयीने. त्यांच्या यादीत पांढरा, काळा, चंदेरी आणि दुसरा एक चंदेरी असे चार रंग असतात. मग मंगळवारच्या माणसाने जायचं कुठे? अख्खी गाडी रंगवायची तर वाहतूक कार्यालयाला कळवावं लागतं. सीटची शिलाई बदलायला कोणालाच कळवावं लागत नाही. नोंदणी पुस्तकात इंजिनाच्या क्रमांकाला रकाना आहे, चाकांना आहे, दोऱ्याला नाही. एवढी मोठी गोष्ट सरकारने जनतेच्या सदसद्विवेकावर सोडली, याबद्दल सरकारचं कौतुक करावं तेवढं थोडं.

थावोनची गाडी म्हणजे एक जुनी चंदेरी पिकअप. तिला थावोनची म्हणणं अकरा वर्षं चूक होतं. ती त्याच्या बायकोची, लमायची होती. लमाय बुधवारी सकाळी जन्मलेली. तिने काळ्या रेक्झीनच्या सीटवर हिरव्या दोऱ्याची दुहेरी शिलाई घालून घेतली होती. बाजारात माल न्यायचा तर गाडी तीच चालवायची. थावोन वीज कार्यालयात खांबावर चढायचं काम करायचा. सुट्टीच्या दिवशी, आणि पुढे निवृत्त झाल्यावर रोजच, तो तिच्या डाव्या हाताला बसायचा. "नारळ, कोबी, तू. चला, सगळं आलं," असं म्हणून ती गाडी सुरू करायची.

थावोन शनिवारचा. वैरी रंगावर अकरा वर्षं बसून त्याला काही कसं झालं नाही, असा प्रश्न निघेल. शास्त्रात त्याचं उत्तर आहे. गाडीचं बरंवाईट मालकाला लागतं. शेजारी बसलेला माणूस सामानात धरला जातो.

यंदा थंडी संपता संपता लमाय गेली. पोटाचं दुखणं होतं, तीन महिने चाललं. वाहतूक कार्यालयातल्या बाईंनी तीन कागदांवर थावोनच्या सह्या घेतल्या.

"गाडीचा रंग बदललाय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"इंजिन?"

"नाही. तेच आहे."

"मग बदललंय काय?"

"मालक," थावोन म्हणाला. बाईंनी तसं लिहून घेतलं आणि शिक्का मारला.

त्यानंतरच्या ऐंशी दिवसांत गाडीला चार अपघात झाले. पहिला, देवळाच्या फाटकाचा उजवा खांब. दुसरा, लॉटरीवाल्याची सायकल. (लॉटरीवाला सायकलीपासून लांब चहा पीत होता. त्याने गाडीचा नंबर लिहून घेतला, पण तक्रारीसाठी नव्हे. आपटलेल्या गाडीच्या नंबराचं तिकीट हातोहात खपतं.) तिसऱ्यांदा समोरून येणाऱ्या उसाच्या ट्रकच्या आरशाला पिकअपचा आरसा भेटला. चौथ्यांदा सायबुआच्या घराचं कुंपण. ते कुंपण वाचलं असतं तर हे प्रकरण इतकं पुढे गेलं नसतं.

"हिरवा," सायबुआ म्हणाली. कुंपण आडवं झालं होतं, पण ती बघत होती सीटकडे. "मी मयताच्या दिवशीच बोलणार होते."

"ताई, मी जरा तिकडे बघत होतो."

"तिकडे बघायला लावतं कोण? शनिवारचा माणूस तू, नि हिरव्या दोऱ्यावर बसतोस! लमाय होती तोवर ठीक होतं. आता तो दोरा तुला ओळखत नाही."

"अकरा वर्षं बसलोय की त्याच्यावर."

"सामान म्हणून बसलास!"

थावोन आडवं कुंपण उचलायला वाकला.

"हे बघ," सायबुआ म्हणाली, "लमायला जाऊन शंभर दिवस होतील त्या दिवशी देवळात जेवण न्यायचंय. नऊ भिक्खू आहेत, माझी चार पातेली आहेत. शिलाई बदलल्याशिवाय मी या गाडीत पाय ठेवणार नाही. मग ने लमायचं जेवण भाड्याच्या रिक्षातून."

थावोनला दोन गोष्टी हव्या होत्या. लमायच्या नावाचं जेवण लमायच्या गाडीतून जावं ही एक. लमाय गाडी जशी ठेवून गेली तशीच ती राहावी ही दुसरी. दुसरी त्याने कोणाला सांगितली नाही. साठी उलटलेल्या माणसाने एका दोऱ्यासाठी हट्ट धरणं बरं दिसत नाही. (तो बदलण्यासाठी धरलेला हट्ट शोभून दिसतो.)

तो गाडी घेऊन खमपनकडे गेला. सायबुआ गाडीत बसणार नव्हतीच. ती आपल्या स्कूटरवरून मागोमाग आली, पुरेसं अंतर ठेवून.

खमपनच्या दुकानात दोऱ्याची रिळं वारांप्रमाणे लावलेली असतात. गेल्या वर्षी त्याने एकशे बारा गाड्यांची शिलाई बदलली. त्यातल्या एकशे नऊ सुखरूप आहेत. उरलेल्या तिघा मालकांपैकी दोघांना आपला जन्मवारच नीट ठाऊक नव्हता, आणि तिसऱ्याची तक्रार ब्रेकबद्दल होती, जी कुशनवाल्याच्या कक्षेत येत नाही.

"दोन पद्धती आहेत मावशी," खमपनने सायबुआला सांगितलं. गिऱ्हाईक कोण हे त्याने ओळखलं होतं.

पहिली पद्धत उसवण्याची. सीटचं कव्हर उतरवायचं, एकेक टाका उसवायचा आणि नवा दोरा जुन्याच भोकांतून घालायचा. जुन्याच भोकांतून, हे महत्त्वाचं. नवी भोकं पडली की रेक्झीन पोस्टाच्या तिकिटासारखं सुटतं. एका कार्यालयाच्या गाडीला चार वर्षांत पाच साहेब लाभले, पाचही निराळ्या वारांचे, आणि शिवणारा घाईचा होता. पाचवा साहेब बसला तो थेट स्प्रिंगवर.

दुसरी पद्धत रंगवण्याची. बारीक कुंचला घेऊन टाक्या-टाक्यावर रंग द्यायचा. काम एका दुपारचं. पण इथे एक धार्मिक पेच आहे. वरून जांभळा आणि आतून हिरवा असलेला दोरा कोणत्या वाराचा? खमपनने देवळातल्या ज्योतिष्यांना विचारलं होतं. त्यांनी डोळे मिटून, बराच वेळ घेऊन निकाल दिला, की कोरडा असेपर्यंत चालेल. पुढच्याच उन्हाळ्यात घामामुळे एका गिऱ्हाइकाचं नशीब त्याच्या पँटला लागलं.

"रंग नको," सायबुआ म्हणाली. "वरवरची फसवाफसवी मला चालत नाही. उसवूनच कर."

खमपन गाडीभोवती एक चक्कर मारून आला. "काका, लागलंय ते सगळं उजवीकडेच कसं?"

"शनी उजवीकडूनच येतो," सायबुआ म्हणाली.

"मी उजवीकडे बघून बोलतो," थावोन म्हणाला.

"कोणाशी?"

थावोन उजवीकडचा आरसा पुसू लागला. अकरा वर्षं डाव्या सीटवर बसून गाडी चालवणारीशी बोलायचं, तर मान उजवीकडे वळवावी लागते. आता तो स्वतः उजव्या सीटवर बसत होता, आणि मान वळायची तशीच वळत होती. तिकडे आता खिडकीची काच होती, आणि काचेपलीकडे समोरून येणारी वाहनं. खमपनने पुन्हा विचारलं नाही. शास्त्रात या कारणाला जागा नव्हती.

त्याने डाव्या सीटपासून सुरुवात केली. बारीक सुरी टाक्याखाली घातली आणि थांबला.

"हे कोणाचं काम? कोंबडी चालून गेल्यासारखे टाके आहेत."

"तिचं," थावोन म्हणाला. "कामाची पक्कड माझ्या कमरेला असायची. तिच्यामुळे सीट फाटली. तीन दिवस बोलली नाही माझ्याशी. चौथ्या दिवशी दाभण घेऊन बसली."

खमपनने टाके मोजले. एकोणीस होते, त्यातला एकही सरळ नव्हता. "उसवू?"

"ताईला विचार," थावोन म्हणाला. पण त्याने हात टाक्यांवर ठेवला होता आणि तो उचलला नाही.

सायबुआ वाकून बघत राहिली. "शाळेत शिवणात नापास झालेली," ती म्हणाली. "परीक्षेचा रुमाल मी शिवून दिला होता, तोसुद्धा तिने हरवला." मग ती सरळ उभी राहिली. "पण म्हणून काय झालं? उद्या याला काही झालं तर? बहीण गेली माझी. आता मेहुणाही रस्त्यावर शोधत बसू? उसव."

खमपनने सुरी खाली ठेवली. बाहेर बघत तो म्हणाला, "मावशी, ती स्कूटर तुमचीच ना? काळी?"

"काळी कुठे? लाल आहे."

स्कूटर काळी होती, डांबरासारखी काळी. पण सायबुआ रविवारची, रविवारचा रंग लाल. म्हणून स्कूटरच्या पुढच्या बाजूला स्टिकर होता. त्यावर लिहिलं होतं, 'ही स्कूटर लाल आहे'. असा स्टिकर तिकडे पांढऱ्या गाडीला पिवळं करतो आणि चंदेरी गाडीला गुलाबी. दैव वाचतं आणि पुढे जातं. सहा वर्षांत त्याने सायबुआच्या स्कूटरबद्दल एकदाही खुलासा मागितला नव्हता.

"मग काकांच्या काचेवरही लिहून टाकू," खमपन म्हणाला. "शिलाई जांभळी आहे म्हणून."

"स्कूटरची गोष्ट वेगळी. शिलाई आत असते. दैव आत डोकावलं तर?"

"डोकावायला आधी गाडीचं दार उघडावं लागेल. तुमच्या स्कूटरला तर दारही नाही मावशी. तिला उघड्यावर सहा वर्षं लाल म्हणून घेतलं त्याने."

सायबुआने उत्तर शोधून पाहिलं. स्कूटरकडे पाहिलं, सीटकडे पाहिलं, थावोनच्या हाताकडे पाहिलं. या युक्तिवादात खोट काढायची तर आधी स्कूटर काळी आहे हे कबूल करावं लागलं असतं.

"अक्षर मोठं काढ," ती शेवटी म्हणाली. "आणि 'दोन्ही सीटची' असंही लिही. नंतर भानगड नको."

शंभराव्या दिवशी मागे चार पातेली आणि डाव्या सीटवर, एकोणीस टाक्यांवर, सायबुआ अशी गाडी देवळात गेली. वाटेत सायबुआ एकदाही गप्प बसली नाही. भातात मीठ कमी पडलं का, फाटकाचा तो खांब अजून वाकडा कसा, पुढे बघ, लमाय या वळणावर भोंगा वाजवायची, तू का नाही वाजवलास, पुढे बघ. थावोनला प्रत्येक गोष्टीचं उत्तर द्यावं लागलं, आणि उत्तर द्यायला मान डावीकडे वळवावी लागली. नऊ भिक्खू पोटभर जेवले.

त्यानंतर दर शनिवारी ती त्याच्याबरोबर बाजाराला जाऊ लागली. कारण विचारलं तर स्टिकरवर लक्ष ठेवायला, असं सांगते. चार महिने झाले, गाडीच्या उजव्या बाजूला नवा ओरखडा नाही. (याच चार महिन्यांत डावीकडून कोणीतरी सतत 'पुढे बघ' म्हणत होतं, हे खरं. पण शास्त्र एका वेळी दोन कारणं मान्य करत नाही.) मागच्या आठवड्यात मात्र केळीवाल्याच्या हातगाडीला गाडी घासली. सायबुआ उतरली, ओरखड्यावरून बोट फिरवलं आणि समाधानाने परत येऊन बसली.

"डावीकडे लागलंय," ती म्हणाली. "गुण यायला लागला."

खमपनचा दोरा आता पडून असतो. तो अक्षरं कापून देतो. 'या गाडीचा मालक गुरुवारी जन्मला.' 'या गाडीचे ब्रेक लागतात.' 'ही गाडी चालवणारा प्यायलेला नाही.' (हा शेवटचा पोलिसांनाही वाचता येतो, पण ते दैवाइतके भोळे निघाले नाहीत.)

वाचकांना हे वाचून हसू येईल. यावं. उत्तरादितच्या लोकांची त्याला हरकत नाही, ते स्वतःही हसतात. फक्त हसून झालं की वाचकांनी खाली उतरून स्वतःच्या गाडीची मागची काच बघून यावी. तिथे 'आईवडिलांची पुण्याई' असं ठळक अक्षरांत लिहिलेलं असेल. येणारेजाणारे ते वाचतात आणि गाडीतला माणूस भला असणार असं धरून चालतात. आई त्या गाडीत शेवटची कधी बसली होती, ते काचेवर लिहायची पद्धत अजून कुठेच पडलेली नाही.