झुंबरनानांचा सोलर

एका जंगलात, मुलांनो, झुंबरनाना नावाचं एक अस्वल राहत होतं. नाना फार हुशार होते. निदान जंगलात एक जण तरी तसं म्हणत असे, आणि तो एक जण म्हणजे खुद्द नाना.

यंदा नानांनी गुहेच्या माथ्यावर सोलर बसवला. वर काचेच्या नळ्या, त्यांच्या डोक्यावर टाकी आणि खाली न्हाणीत नळ. ऊन नळ्यांनी खायचं आणि गरम पाणी नानांना मिळायचं. कल्पना उत्तम होती. कल्पना नेहमी उत्तमच असते, मुलांनो. घोटाळा होतो तो आपण तिला हात लावल्यावर.

सोलर आला तसा नानांनी घरचा तांब्याचा बंब निकालात काढला. त्याच्या तळाला भोकं पाडून त्यात जास्वंद लावली.

"अहो, असू द्या की बंब!" नानी म्हणाल्या. "जावईबापूंचा पहिला दिवाळसण आहे. पहाटे अभ्यंगाला कढत पाणी नको का?"

"टाकीत रात्रभर गरम राहतं. सायन्स आहे ते," नाना म्हणाले. "आता या गुहेतून पाणी तापवायचा धूर निघणार नाही. निघाला तर नाव लावणार नाही झुंबर!"

हेच वाक्य नानांनी पाणवठ्यावर जाऊन सगळ्यांसमोर पुन्हा म्हटलं. नानांना घरात शहाणं होऊन भागत नसे.

नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी लेक मधू आणि जावई जिवाजीराव आले. ऊन कडक पडलं होतं. टाकी चांगली तापली होती. नानांच्या पोटात आनंद मावेना.

संध्याकाळी ससे आले. "नाना, खरंच गरम येतं?"

नानांनी नळ सोडला. आधी नळीतलं गार पाणी गेलं, मग गरम आलं. पण नुसत्या गरम पाण्यावर कोण विश्वास ठेवणार? वाफ दिसली पाहिजे. नानांनी बादली भरून वाफ दाखवली.

मग हरणं आली. त्यांनाही एक बादली दाखवली. रानडुक्कर आलं आणि "आलोच आहे तर पाय धुतो," म्हणालं. त्याच्या पायांवर तीन पावसाळ्यांचा चिखल होता. शेवटी हत्ती आले. ते जंगलाचे सरपंच. त्यांनी नळाला सोंड लावली आणि बराच वेळ काढलीच नाही.

"छान आहे," ते म्हणाले.

"अहो, पुरे करा," नानी आतून कुजबुजल्या.

"टाकी मोठी आहे," नाना म्हणाले.

टाकी मोठीच होती. पण जेवढं गरम पाणी खाली जात होतं, तेवढं गार पाणी वरून तिच्यात येत होतं. हे माहितीपत्रकात लिहिलेलं होतं. नानांनी त्यातलं फक्त चित्र पाहिलं होतं.

पहाटे जिवाजीराव पाटावर बसले. मधूने तेल लावलं, उटणं लावलं. नानांनी ऐटीत नळ सोडला. एक बादली गार गेली. दुसरी गेली. तिसरीत नानांनी बोट घातलं आणि झटकन काढून घेतलं. तीही गारच होती.

"चुलीवर पातेलं ठेवते," नानी हळूच म्हणाल्या.

"खबरदार! धूर दिसेल."

"मग ऊन येईपर्यंत थांबू या."

"सूर्योदयानंतर अंघोळ? जावयाला नरकात पाठवतेस का?"

"आता कुठे पाठवताय तुम्ही?" नानी म्हणाल्या.

नाना पाटाजवळ गेले. जिवाजीराव बिचारे डोळे मिटून, विश्वासाने बसले होते. नानांनी त्यांच्या डोक्यावर तांब्या ओतला.

जिवाजीरावांनी जी आरोळी ठोकली, ती नदीपलीकडे गेली.

बाहेर पणत्या लावणारे प्राणी थबकले. "ऐकलंत?" सरपंच म्हणाले. "जावई भाजला! केवढं तापतंय पाणी!"

उजाडेपर्यंत जंगलभर झालं. पाडव्याला अकरा प्राण्यांनी सोलरची मागणी नोंदवली. सगळे नानांकडे सल्ला विचारायला आले. "नळ जरा जपून सोडत जा," नाना गंभीरपणे म्हणाले.

जावई मात्र भला. भाऊबीज उरकून निघताना त्याने वाकून नमस्कार केला. नाक गळत होतं, पण तक्रारीचा शब्द काढला नाही.

"मामा, पुढच्या दिवाळीला तुम्हीच आमच्याकडे या," तो म्हणाला. "आमच्याकडे चूल आहे."

नानांना खूप लाज वाटली. त्याला खरं सांगून टाकावं असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात दारात माकडं आली. त्यांना पाणी बघायचं होतं. नानांनी बादली उचलली.

तात्पर्य : माणूस गार पाण्याने ओरडतो की गरम, हे बाहेरच्यांना कळत नाही. म्हणून घरात नवी वस्तू आणली की ओरडणारा एक जावई जरूर ठेवावा.

(कथाकाराच्या गच्चीवरही सोलर आहे. पण कथाकार अस्वल नाही. याबाबत त्याच्या पत्नीचं मत वेगळं आहे.)