बिजलीचा कार्बोरेटर आणि पहिल्या धारेची

"साक्षगंधाले बिजलीच जाईन!" सोमाजीभाऊंनी जाहीर केलं. घरात कुणालाच त्याचं कौतुक वाटलं नाही.

बिजली म्हणजे त्यांची चौसष्ट सालची मोटार. दुरुस्त्या चालूच, तरी भद्रावतीच्या घरामागे सात वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. मागच्या सीटवर दोन कोंबड्यांनी संसार थाटला होता. आणि रविवारी मुलाचं, निकेशचं, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा! तेही वैनगंगेपलीकडे, आरमोरीला.

"एसटी आहे ना जी," रंभाबाई म्हणाल्या. त्या सोमाजीभाऊंच्या पत्नी, म्हणून इतक्या शांतपणे म्हणाल्या.

"तीस वर्षं डिफेन्सच्या कारखान्यात मशीन खोलल्या मी! एक कार्बोरेटर नाई खोलता येत का मले?"

कार्बोरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल कालवून इंजिनाला घास भरवणारा अवयव. सोमाजीभाऊंपाशी असे दोन होते. एक बिजलीचा जन्मापासूनचा, आतून जुन्या पेट्रोलच्या पिवळ्या डिंकाने बुजलेला. दुसरा कुठल्याशा जीपचा, भंगारातून हौसेने आणलेला. चौकातला मेकॅनिक विक्की दोन्ही निरखून म्हणाला, "काका, जीपवाला लावा. चालून जाईन."

"मूळ ते मूळ!" सोमाजीभाऊ गरजले. त्याच दुपारी रंभाबाईंनी भांडेवालीला जीपवाला कार्बोरेटर देऊन एक स्टीलचा गंज, म्हणजे पातेलं, घेतला. निदान त्यात भात तरी शिजतो.

आता मूळच्याचा डिंक काढायचा होता.

"चंद्रपूरले स्प्रे भेटते," विक्की म्हणाला. "मारला का साफ."

"स्प्रे! अबे, आमी कारखान्यात स्पिरिटमंदी धुवत होतो! अल्कोहोल पाह्यजे, अल्कोहोल!"

आणि अल्कोहोल म्हटल्यावर त्यांना मोहर्लीचा लच्छू आठवला. कारखान्यातला जुना सोबती. त्याच्या घरी देवाला वाहायची मोहाच्या फुलांची दारू असे, पहिल्या धारेची, म्हणजे सगळ्यात कडक. काडी लावली की निळी ज्योत!

"देवाची आहे ते, सोमाजी," लच्छू म्हणाला. "मशीनची नाई."

"दसऱ्याले मशीनले हार घालतो का नाई आपन? मंग मशीन बी देवच झाली ना बे!"

यावर लच्छू हसत आत गेला. त्याने दोन बाटल्या दिल्या. वर बजावलं, "पयले दोन थेंब जमिनीवर सोडजो. आमची रीत आहे."

सोमाजीभाऊंनी मान डोलावली आणि घरी येऊन एकही थेंब न सांडता एक बाटली पातेल्यात ओतली. कार्बोरेटरचा एकेक भाग रात्रभर त्यात पडून राहिला. सकाळी पितळ लखलखलं! पण त्याच्या आतल्या छोट्या पंपाचं चामडं आणि झाकणाखालचं बूच दारू शोषून टम्म फुगलं होतं. बारशाला जेवून आलेल्या माणसासारखं तृप्त दिसत होतं दोघांचं तोंड. सोमाजीभाऊंनी ते तसंच कोंबून बसवलं. किल्ली फिरवली. बिजली धडधडली! कोंबड्या निघून गेल्या, त्या परत आल्याच नाहीत.

"कसा वास येऊन राह्यला जी?" रंभाबाईंनी नाकाला पदर लावला.

"इंजिनचा आहे वं!"

उरलेली बाटली त्यांनी डिक्कीत ठेवली. रस्त्यात पुन्हा डिंक अडकला तर?

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. नवरी मुलगी उर्वशी, आरमोरीची. तिची आई अन्नपूर्णाबाई म्हणजे तिकडच्या दारूबंदी समितीच्या अध्यक्षा. बोलणी झाली तेव्हा त्यांनी सोनंनाणं, कपडालत्ता यांचा विषयही काढला नव्हता. "आमची एकच अट. पेनारं घर नाई पाह्यजे. वास जरी आला, तरी सोयरीक मोडली समजा." आणि सोमाजीभाऊंनी होणाऱ्या विहिणीला छाती काढून सांगितलं होतं, "आयुष्यात थेंब नाई घेतला, इनबाई!" ते शंभर टक्के खरंही होतं. निकेशचा जीव तर उर्वशीत इतका गुंतला होता, की तो या अटीपायी कफ सिरपसुद्धा घेत नव्हता.

रविवारी ब्रह्मपुरीपर्यंत बिजली झकास आली. इंजिन तापलं तसं चामडंही तापलं आणि गाडीत मोहाचा घमघमाट सुटला. वैनगंगेचा पूल ओलांडला. गडचिरोली जिल्हा लागला, म्हणजे दारूबंदीही लागली. आणि पोलिसांच्या नाक्यासमोर, अगदी नेमकं, बिजलीने दोन गचके दिले आणि मान टाकली.

हवालदाराने काचेतून नाक आत घातलं. लगेच बाहेर काढलं.

"उतरा. फुंका."

सोमाजीभाऊंनी हवालदाराच्या मशीनमध्ये फुंकलं. शून्य. निकेशने फुंकलं. शून्य. रंभाबाई नुसत्या बघत राहिल्या; त्यांना फुंकायला सांगायची हवालदाराची हिंमत झाली नाही.

"मशीन शून्य दाखवते, नाक शंभर दाखवते! पेली कोनं?"

"साहेब," सोमाजीभाऊ काकुळतीला आले, "आमी नाई पेली. गाडीनं पेली!"

बोनेट उघडलं. हवालदाराने कार्बोरेटर हुंगला आणि त्याला ठसका लागला. डिक्की उघडली. बाटली!

"पंचनामा करा लागन. समितीच्या बायांना बोलावतो. फाट्यावरच उभ्या आहेत, कोन्या पाहुन्याची वाट पाहून राह्यल्या."

तो पाहुणा कोण, हे सोमाजीभाऊंना तत्काळ कळलं.

अन्नपूर्णाबाई स्कूटीवरून आल्या. अंगावर साक्षगंधाची पैठणी, हातात ओवाळणीचं ताट. त्यांनी बाटलीकडे पाहिलं. मग व्याह्यांकडे पाहिलं.

"कोनाची आहे हे?"

"बाबांनी मोहर्लीवरून आनली," निकेश म्हणाला. खरं बोलायची सवय पोराला नको तिथे होती!

सोमाजीभाऊंनी स्पिरिट, डिंक, कारखाना, सगळं एका दमात सांगितलं. ऐकताना ते त्यांचं त्यांनाच पटेना. निकेशच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा रंभाबाई पुढे झाल्या.

"इनबाई, ह्या मानसानं थेंब नाई घेतला कधी. घेतला असता तं एखाद्या रविवारी घरी पडून तं राह्यला असता! बावीस वर्षं झाली, सुटी आली का ह्याचं डोकं त्या बोनेटमंदी. व्यसन आहे ह्याले, पन ह्या डबड्याचं! मी म्हनत होती, एसटीनं जाऊ!"

हे शेवटचं वाक्य इतक्या आतून आलं होतं, की अन्नपूर्णाबाईंना त्यात एका बाईचा खराखुरा संसार दिसला. तोंडाला पदर लावून त्या हसल्या. हवालदारही हसला. पंचनामा झाल्यावर त्याच्यासमोरच अन्नपूर्णाबाईंनी बाटली रस्त्याकडेला उपडी केली. लच्छूने दोनच थेंब मागितले होते!

"सोयरीक पक्की," त्या म्हणाल्या. "पन शपथ घ्या लागन. समितीचा नियम आहे."

भर मांडवात, पाहुण्यांसमोर, सोमाजीभाऊंनी व्यसनमुक्तीचा छापील फॉर्म वाचला. 'शपथ घेणाऱ्याचं नाव' या रकान्यात बिजलीचा नंबर होता. खाली 'पालक' म्हणून सही त्यांची.

कार्बोरेटर मुद्देमाल म्हणून जमा झाला. जीपवाल्याचा आता गंज झालेला. बिजली ट्रॅक्टरला बांधून घरी आली, आणि घरचे एसटीने.

तिने शपथ मात्र कडक पाळली आहे हो! तेव्हापासून थेंबाला शिवलेली नाही. पेट्रोलच्यासुद्धा!